त्याला बोलवा आणि विचारा : ऑथेल्लोने केलेली चौकशी

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकात तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात एक रुमाल जमिनीवर पडतो. ऑथेल्लो म्हणतो, कपाळ दुखतंय. त्याची बायको डेस्डिमोना म्हणते, जागरणाने दुखत असेल, थांबा, घट्ट बांधून देते, तासाभरात उतरेल. ती रुमाल बांधू लागते. तो म्हणतो, 'तुझा रुमाल लहान पडतोय, राहू दे,' आणि तिचा हात बाजूला सारतो. रुमाल पडतो. पाहुणे जेवायला खोळंबलेले असतात, म्हणून दोघं आत निघून जातात. मागे राहिलेली तिची दासी एमिलिया तो उचलते.

पुढे ह्याच रुमालावरून ऑथेल्लो डेस्डिमोनाचा जीव घेतो. आणि तो पडला तो त्याच्याच हाताने, त्याच्याच डोळ्यांसमोर.

माझी निम्मी नोकरी विभागीय चौकशांची कागदपत्रं वाचण्यात गेली. आरोप कुणी केला, जबाब कुणाचे झाले, कुणाचा घ्यायचा राहिला, हे शोधायची सवय लागली ती नाटक वाचतानाही सुटत नाही. कॉलेजात ऑथेल्लो वाचलं तेव्हा ती मत्सराने आंधळ्या झालेल्या नवऱ्याची गोष्ट वाटली होती. निवृत्तीनंतर पुन्हा सावकाश वाचलं आणि मला ते चौकशीचं प्रकरण दिसलं. त्या नाटकात चार चौकशा आहेत. पहिली नीट होते, दुसरी अर्धवट. तिसरीवर एका बाईचा जीव अवलंबून असतो आणि नेमकी तीच होत नाही. चौथी होते, पण तोवर बाई मेलेली असते.

आधी 'मत्सर' ह्या शब्दाबद्दल. इंग्रजीत इथे एकच शब्द वापरून भागतं. आपल्याकडे हेवा, असूया, मत्सर, संशय ह्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि ह्या नाटकात तो फरक उपयोगी पडतो. मत्सर आहे तो इयागोला, ऑथेल्लोच्या हाताखालच्या अधिकाऱ्याला, एमिलियाच्या नवऱ्याला. त्याची बढती डावलून कॅसिओला उपसेनापती केलं, ही त्याची पहिली तक्रार. पहिल्याच प्रवेशात तो म्हणतो की हल्ली बढत्या शिफारशीने आणि मर्जीने मिळतात, पूर्वीसारखा सेवाज्येष्ठतेचा क्रम उरला नाही. सरकारी नोकरी केलेल्या कुणालाही हे वाक्य ओळखीचं वाटेल. ऑथेल्लोला मात्र कुणाचाच हेवा वाटत नाही. त्याला संशय येतो, तोही आपल्या आपण येत नाही. त्याचे कान भरले जातात.

प्रकरणाची हकिकत

ऑथेल्लो हा व्हेनिसच्या नोकरीतला मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेकडचा, सेनापती. काळा, परका, वयाने पोक्त, लढायांत आयुष्य गेलेला. सिनेटर ब्रॅबान्शिओ त्याला घरी बोलावून लढायांच्या हकिकती ऐकायचा. मुलगी डेस्डिमोना कामं उरकून येऊन ऐकायची. ती त्याच्या प्रेमात पडली आणि बापाला न सांगता दोघांनी लग्न केलं. त्याच रात्री तुर्कांचं आरमार सायप्रसवर चालून येत असल्याची बातमी येते आणि ऑथेल्लोला तातडीने तिकडे पाठवतात.

हे नाटक 1604 च्या 1 नोव्हेंबरला लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात झाल्याची नोंद आहे. तोवर सायप्रस व्हेनिसच्या हातून जाऊन तीस वर्षं उलटली होती. तिथलं फामागुस्ता शहर 1571 मध्ये तुर्कांच्या हाती पडलं होतं. म्हणजे ज्या बेटाच्या रक्षणासाठी हा सेनापती निघाला ते पुढे गमावलं जाणार, हे जाणत्या प्रेक्षकाला ठाऊक होतं.

मूळ गोष्ट इटालियन. चिंथिओच्या 1565 च्या कथासंग्रहात ती आहे. तिथे खलनायक स्वतःच्या लहान मुलीला डेस्डिमोनाच्या कडेवर देतो आणि ती मुलीचे लाड करत असताना तिच्या कमरेचा रुमाल अलगद काढून घेतो. म्हणजे सरळ चोरी. शेक्सपिअरने ही चोरी काढून टाकली आणि रुमाल नवऱ्याच्याच हाताने पाडला. मला हा सगळ्या नाटकातला सर्वांत विचारपूर्वक केलेला बदल वाटतो. चोरी झाली असती तर ऑथेल्लोला कळायला मार्गच नव्हता, असं म्हणता आलं असतं. इथे त्याला नुसतं आठवायचं होतं.

पहिली चौकशी : व्हेनिस

मध्यरात्री दरबार भरलेला असतो. ब्रॅबान्शिओ ओरडत येतो की माझ्या मुलीला जादूटोणा करून, औषधं चारून नादी लावलं. व्हेनिसचा प्रमुख ड्यूक आरोपी कोण हे विचारण्याआधीच शब्द देऊन बसतो की गुन्हेगार माझा सख्खा मुलगा असला तरी कायद्याची सर्वांत कडक शिक्षा तू स्वतः वाचून दाखव. मग कळतं की आरोपी ऑथेल्लो आहे.

इथून जे होतं ते प्रत्येक चौकशी अधिकाऱ्याने वाचावं. ब्रॅबान्शिओ तेच तेच पुन्हा सांगतो तेव्हा ड्यूक म्हणतो, नुसतं ठासून सांगणं म्हणजे पुरावा नव्हे. ऑथेल्लो स्वतः मागणी करतो : तिलाच बोलवा, बापासमोर माझ्याबद्दल काय म्हणायचंय ते तिला म्हणू द्या, तिच्या बोलण्यात मी वाईट ठरलो तर पदही काढा आणि प्राणही घ्या. ती येईपर्यंत तो आपली बाजू मांडतो. ती येते. वडिलांचं ऋण मान्य करते आणि म्हणते, माझ्या आईने जसं तिच्या वडिलांपेक्षा तुम्हाला मानलं तसं मी माझ्या नवऱ्याला मानते. संपलं प्रकरण.

हे सगळं न्यायबुद्धीनेच झालं असं मी म्हणणार नाही. तुर्क दाराशी आलेले आणि तोडीचा दुसरा सेनापती नाही. एरवी ह्या काळ्या परक्याला दरबाराने इतकं शांतपणे ऐकून घेतलं असतं का, ही शंका राहतेच. पण पद्धत बरोबर होती. दोन्ही बाजू समोरासमोर आल्या आणि जिच्याबद्दल बोलणं चाललं होतं तिला विचारलं गेलं. ह्या पद्धतीने ऑथेल्लोची अब्रू आणि संसार दोन्ही वाचलं. ह्या पद्धतीची किंमत त्या दरबारात सगळ्यांत जास्त कळायला हवी होती ती त्यालाच.

बाहेर पडताना ब्रॅबान्शिओ एक वाक्य टाकून जातो : हिच्यावर नजर ठेव, हिने बापाला फसवलं, तुलाही फसवील. ऑथेल्लो उत्तर देतो, तिच्या निष्ठेवर माझा प्राण पणाला. आणि लगेच, हा प्रामाणिक माणूस आहे म्हणत, सायप्रसला आणण्यासाठी तिला इयागोच्या हवाली करतो. ब्रॅबान्शिओचं वाक्य इयागोनेही ऐकलेलं असतं.

दुसरी चौकशी : पहाऱ्याची रात्र

वादळात तुर्कांचं आरमार बुडतं, बेटावर जल्लोष होतो. इयागो कॅसिओला आग्रहाने दारू पाजतो. त्याला ती सोसत नाही, त्याने तसं सांगितलेलंही असतं. मारामारी होते, कॅसिओ बेटाच्या आधीच्या सुभेदाराला, मोंटानोला, जखमी करतो, धोक्याची घंटा वाजते आणि ऑथेल्लो बिछान्यातून उठून येतो.

तो विचारतो हे खरं, पण कुणाला? कॅसिओ म्हणतो, माफ करा, माझ्याने बोलवत नाही. मोंटानो म्हणतो, मला जखम झाली आहे, इयागो सांगेल. मग सगळा भार इयागोवर येतो. तो म्हणतो, कॅसिओचं वाईट करण्यापेक्षा माझी जीभ कापली तर परवडेल. आणि असं म्हणत म्हणत सगळं सांगतो. ऑथेल्लोला वाटतं, हा भला माणूस मित्रासाठी गोष्ट सौम्य करून सांगतोय, म्हणजे खरी गोष्ट ह्याहून वाईट असणार. जागच्या जागी हुकूम होतो : कॅसिओ, माझं तुझ्यावर प्रेम आहे, पण ह्यापुढे तू माझा अधिकारी नाहीस.

निष्कर्ष चूक नव्हता. कॅसिओ प्यायला होता आणि त्याने तलवार चालवली होती. पण दारू कुणी पाजली? कॅसिओ कुणाच्या मागे धावत आला? तो माणूस कुठे गेला? हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर इयागोचं नाव पहिल्या पाच मिनिटांत निघालं असतं. ऑथेल्लो त्या रात्री एक वाक्य बोलून जातो की माझं रक्त आता माझ्या शहाणपणावर हुकूम चालवू लागलंय. रणांगणावर अर्धवट माहितीवर झटक्यात निर्णय घेणं हा गुण असतो. तो गुण घेऊन तो घरात आला.

इयागोला मात्र त्या रात्री फार मोलाची गोष्ट कळली. सांगायला नाखूश असलेल्या साक्षीदारावर हा माणूस दुप्पट विश्वास ठेवतो.

ह्याचा मी अनुभव घेतला आहे. एका चौकशीत एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. म्हणाले, 'मला कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही, पण...' आणि थांबले. त्या थांबण्याने माझ्या मनात जे काम केलं ते दहा पानी तक्रारीने केलं नसतं. ज्या लिपिक बाईंवर आरोप होता त्यांचा जबाब व्हायचा होता, पण माझं मत बनत आलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, आवक-जावक नोंदवही उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ज्या तारखेला फाईल त्यांनी दाबून ठेवली असं सांगितलं जात होतं, त्याच्या दोन दिवस आधी ती त्याच ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या टेबलावर गेली होती. सही त्यांचीच होती. त्या बोटाखालची निळ्या शाईतली सही मला अजून दिसते. मी जबाब न घेता अहवाल लिहिला असता तर?

तिसरी चौकशी

हिची सुरुवात चार शब्दांनी होते. कॅसिओ आपली नोकरी परत मिळावी म्हणून डेस्डिमोनाकडे रदबदली करायला आलेला असतो. हा वशिला लावायचा सल्ला इयागोचाच. ऑथेल्लो येताना दिसताच कॅसिओ शरमेने निघून जातो. इयागो पुटपुटतो, 'हं, मला नाही आवडलं.' ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? 'काही नाही, सेनापती.'

पुढचा बराच वेळ इयागो एकही आरोप करत नाही. तो विचारतो, तुम्ही मागणी घालत होतात तेव्हा कॅसिओला हे प्रेम माहीत होतं का? हो, मधे तोच असायचा. 'असं?' ऑथेल्लो म्हणतो, असं म्हणजे काय? तो प्रामाणिक नाही का? 'प्रामाणिक, सेनापती?' ऑथेल्लोच वैतागून म्हणतो की हा माझाच शब्द मला परत देतोय, जणू ह्याच्या मनात दाखवू नये असं काही भयंकर आहे. मनात पाल चुकचुकते ती इथे. मग इयागो वर आणखी संशयापासून जपा म्हणून उपदेश करतो, ज्या संशयाचं नाव अजून कुणी काढलेलंच नाही.

त्यानंतर येतो खरा घाव. इयागो म्हणतो, आमच्या व्हेनिसच्या बायका मला माहीत आहेत. देवाला दाखवतील ते नवऱ्याला दाखवणार नाहीत. आणि तुमच्याशी लग्न करताना तिने बापाला फसवलंच की. ऑथेल्लो म्हणतो, हो, फसवलं.

ह्या 'हो'पाशी मी नेहमी थांबतो. पहिल्या चौकशीत जे तिच्या प्रेमाचं प्रमाण ठरलं होतं, तेच इथे तिच्याविरुद्धचं प्रमाण झालं. आणि ऑथेल्लोला उत्तर देता येत नाही, कारण व्हेनिसच्या घरांत काय चालतं हे त्याला खरोखर माहीत नाही. छावणीत वाढलेला माणूस. रीतभात सांगायला त्याला स्थानिक माणूस लागतो आणि त्याने धरला तो हा. एकटा पडल्यावर तो स्वतःशी म्हणतो, मी काळा आहे, गोड बोलणं मला येत नाही, वय उतरणीला लागलं आहे, म्हणूनच कदाचित ती गेली. नाटकातलं हे सर्वांत करुण वाक्य मला वाटतं. लोकांनी इतकी वर्षं जे त्याच्याबद्दल म्हटलं ते तो आता स्वतःच म्हणू लागतो. 1943 मध्ये ब्रॉडवेवर पॉल रोबसनने ही भूमिका केली आणि तिचे 296 प्रयोग झाले. त्या काळच्या अमेरिकेत एका कृष्णवर्णीय नटाच्या तोंडून हे वाक्य ऐकणं काय असेल, ह्याची मी कल्पनाच करू शकतो.

तरीही प्रकरण इथेच मिटू शकलं असतं. ती त्याला बोलवायला येते, तिला पाहताच तो म्हणतो, ही खोटी असेल तर स्वर्गच स्वतःची थट्टा करतोय. मी नाही विश्वास ठेवणार. आणि मग ती कपाळदुखी, तो रुमाल. कपाळदुखीतला अर्थ तेव्हाच्या इंग्रज प्रेक्षकाला लगेच कळायचा, कारण बायकोने फसवलेल्या नवऱ्याच्या कपाळाला शिंगं फुटतात अशी तिकडची म्हण होती. डेस्डिमोनाला तो कळत नाही. तिला डोकं दुखतंय एवढंच कळतं आणि ती ते बांधायला धावते.

तो परत येतो तेव्हा पार बदललेला असतो. इयागोचा गळा धरतो : माझी बायको बदफैली आहे हे सिद्ध कर, डोळ्यांना दिसेल असा पुरावा दे, नाहीतर तू कुत्र्याच्या जन्माला आला असतास तर बरं झालं असतं. ह्या क्षणाला मला दर वेळी आशा वाटते. सिद्ध करण्याचा भार आरोप करणाऱ्यावर आला! ह्यापुढे एक जरी नीट प्रश्न आला तरी इयागो गळाला लागणार.

इयागो काय करतो? तो पुराव्याची पातळीच खाली आणतो. म्हणतो, त्या दोघांना डोळ्यांनी एकत्र बघणार का तुम्ही? ते शक्य नाही. पण सत्याच्या दारापर्यंत नेणारी परिस्थिती चालेल का? आणि ती परिस्थिती म्हणजे एक स्वप्न. मी परवा कॅसिओशेजारी झोपलो होतो, दाढ ठणकत होती म्हणून झोप लागेना, तेव्हा तो झोपेत तिचं नाव घेत होता. दाढेचा तपशील बघा. खोट्या जबाबात असा एखादा फुकटचा तपशील असतो, ज्याची खरं बोलणाऱ्याला गरज वाटत नाही, आणि तोच ऐकणाऱ्याच्या मनात घर करतो. त्यांचं लग्न होऊन किती रात्री झाल्या, कॅसिओ कुठल्या गलबतातून आला, ती कुठल्या? हे ऑथेल्लोने बोटांवर मोजलं असतं तरी पुरे होतं. कॅसिओ एका गलबतातून आला आणि डेस्डिमोना दुसऱ्यातून, इयागोच्याच सोबतीने.

मग रुमाल. स्ट्रॉबेरीची फळं विणलेला रुमाल तुमच्या पत्नीकडे पाहिलात का? हो, मीच दिला, ती माझी पहिली भेट. आज मी कॅसिओला त्याने दाढी पुसताना पाहिलं.

आज! त्या क्षणी तो रुमाल इयागोच्या ताब्यात असतो, थोड्या वेळापूर्वी एमिलियाकडून हिसकलेला. प्रेक्षकाने ते पाहिलेलं असतं. आणि ऑथेल्लोने त्याच दिवशी, त्याच जागी, तो आपल्या बायकोच्या हातात पाहिलेला असतो. कुठे पाहिलंस, किती वाजता, आणखी कोण होतं? तीनपैकी एकही प्रश्न येत नाही. तो एवढंच म्हणतो, आता मला दिसलं, खरं आहे. 1693 मध्ये टॉमस रायमर नावाच्या टीकाकाराने ह्या नाटकावर तोंडसुख घेतलं की रुमालावरून एवढा गहजब, मग नाटकाचं नावच रुमालाची शोकांतिका का ठेवलं नाही. त्याला मुद्देमालाचं वजन कळलं नाही. मुद्देमाल कितीही क्षुल्लक असो, तो कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला ह्या साखळीला महत्त्व असतं, आणि ह्या साखळीची पहिली कडी खुद्द न्यायाधीशच होता.

प्रवेश संपताना दोघं गुडघे टेकून शपथ घेतात. तीन दिवसांत कॅसिओला मारायचं. म्हणजे डेस्डिमोनाच्या बाजूने बोलू शकणारा मुख्य साक्षीदार आधीच संपवायचा. आणि इयागोला जागच्या जागी कॅसिओची जागा मिळते. ज्याने आरोप केला त्यालाच आरोपीच्या पदावर बढती, आणि कुणाच्या डोळ्यांत ते खुपत नाही. ह्या नाटकात 'प्रामाणिक' हा शब्द आणि त्याची रूपं पन्नासहून अधिक वेळा येतात, आणि त्यातला मोठा वाटा इयागोच्या वाट्याला आला आहे.

गीतेतलं 'संशयात्मा विनश्यति' इथे अनेकजण लावतात. मला ते लागू वाटत नाही. संशयाचा त्रास सोसत राहणं ऑथेल्लोला जमतच नाही. तो स्वतःच सांगतो की माझं असं आहे, एकदा शंका आली की एकदाच निकाल. अजून आठ दिवस तो संशयात्मा राहिला असता तर डेस्डिमोना जगली असती.

पुढे जबाब घेतल्यासारखं होतं, पण ते जबाब नव्हेत. तो डेस्डिमोनाकडे रुमाल मागतो. ती घाबरून म्हणते, हरवला नाही. आणि पुन्हा कॅसिओची रदबदली सुरू करते. रुमाल! तो ओरडतो. ती कॅसिओचंच बोलत राहते. एमिलिया तिथेच उभी असते आणि गप्प राहते. नंतर तो एमिलियाला विचारतो, तू काही पाहिलंस? ती म्हणते, पाहिलं नाही, ऐकलं नाही, शंकासुद्धा आली नाही. माझा आत्मा पणाला लावते की ती सच्ची आहे. ह्याहून स्पष्ट साक्ष कोणती? तो म्हणतो, कुठलीही कुंटीण असंच बोलेल. बाजूची साक्षही विरुद्ध धरली गेली की तिथे चौकशी उरतच नाही.

मग तो डेस्डिमोनाला बोलावून बेइमान म्हणतो. ती विचारते, कुणाशी? कुणाबरोबर? मी कशी बेइमान? तिन्ही प्रश्न दोषारोपपत्रात असायला हवेत असे. तो एकाचंही उत्तर देत नाही, रडतो. कॅसिओचं नाव आणि रुमालाचा आरोप तिला पहिल्यांदा कळतो तो मरणाच्या काही मिनिटं आधी, बिछान्यावर.

आपल्याकडची दोन पात्रं

हे नाटक मराठीत फार लवकर आलं. महादेवशास्त्री कोल्हटकरांचं भाषांतर 1867 चं आहे. 1890 मध्ये गोविंद बल्लाळ देवलांनी त्याचं 'झुंजारराव' केलं, डेस्डिमोनाची कमळजा झाली, आणि गणपतराव जोशींनी झुंजाररावाची भूमिका गाजवली. 1961 मध्ये शिरवाडकरांनी ते पुन्हा मराठीत आणलं.

मला देवलांचं अधिक कौतुक वाटतं ते वेगळ्या कारणाने. झुंजाररावाला मराठी बोलायला लावणाऱ्या माणसाने संशयाचं सर्वांत लाडकं विनोदी नाटकही लिहिलं, 'संशयकल्लोळ', 1916 साली संगीत रूपात आलेलं. तिथे रुमालाच्या जागी तसबीर आहे. एकाची तसबीर भलत्याच्या हातात सापडते, फाल्गुनराव बायकोवर संशय घेतो, कृत्तिका नवऱ्यावर, आणि सगळे एकमेकांवर. पात्रं ऑथेल्लोइतकीच हलक्या कानाची. पण त्या नाटकात सगळे भांडायला एकमेकांच्या तोंडावर येतात. फाल्गुनराव मनात ठेवत नाही, बोलून दाखवतो, ओरडतो, जाब विचारतो. त्यामुळे तसबीर कुणाची, कुणाच्या हातून पडली, हे शेवटी समोरासमोर उलगडतं. तिथे कुणी इयागो नाही हाही फरक आहेच. पण मला वाटतं, फाल्गुनरावाला इयागो भेटला असता तरी कृत्तिका वाचली असती. तो घरी जाऊन पहिल्या मिनिटाला म्हणाला असता, बोल, हा रुमाल कुठे गेला?

शेवटची रात्र, आणि चौथी चौकशी

ऑथेल्लो दिवा घेऊन खोलीत येतो आणि आपण खून करतोय असं त्याला वाटत नाही. तो न्यायाची भाषा बोलतो. ही मेली नाही तर आणखी पुरुषांना फसवील, म्हणतो. झोपलेल्या तिचं चुंबन घेताना म्हणतो, हा श्वास न्यायदेवतेला तलवार मोडायला लावील. आपण स्वतःच फिर्यादी, स्वतःच न्यायाधीश आणि स्वतःच शिक्षा देणारे झालो आहोत, हे त्याला दिसत नाही.

ती जागी होते. तो म्हणतो, माझा रुमाल तू कॅसिओला दिलास. ती म्हणते, शपथ घेऊन सांगते, नाही दिला. त्याला बोलवा आणि विचारा. तो म्हणतो, मी त्याच्या हातात पाहिला. ती पुन्हा म्हणते, त्याला सापडला असेल, मी दिला नाही. त्याला इकडे बोलवा, खरं काय ते त्याला सांगू दे.

त्याला बोलवा. व्हेनिसच्या दरबारात ऑथेल्लोने हेच मागितलं होतं आणि त्याला ते मिळालं होतं.

तो उत्तर देतो की त्याने कबूल केलंय. कॅसिओने काहीच कबूल केलेलं नव्हतं. इयागोने तसं सांगितलं होतं. ती म्हणते, उद्या मारा, आजची रात्र जगू द्या. अर्धा तास. एक प्रार्थना म्हणेपर्यंत. तो म्हणतो, उशीर झाला.

दारावर थापा पडतात. एमिलिया आत येते. डेस्डिमोना शेवटचा श्वास घेताना तिला सांगते की हे कुणी केलं नाही, मीच केलं. मग ऑथेल्लो म्हणतो, मी मारलं, ती बेइमान होती, तुझ्या नवऱ्याला सगळं माहीत होतं. एमिलिया म्हणते, माझ्या नवऱ्याला? तो पुढे सांगत राहतो आणि ती पुन्हा तेच विचारते, माझ्या नवऱ्याला? तो वैतागतो की हे काय चाललंय तुझं. आणि इथे अखेर खरी चौकशी सुरू होते, कुठलाही अधिकार नसलेल्या एका दासीकडून. इयागो येतो, तिला घरी जा म्हणतो. ती जात नाही. नवऱ्याचं ऐकणं माझं काम आहे, पण आत्ता नाही, म्हणते. रुमालाचं नाव निघताच सांगते : तो मला सापडला, मी माझ्या नवऱ्याला दिला, त्यानेच तो चोरायला मला कितीदा सांगितलं होतं. इयागो तिला भोसकतो आणि पळतो. ती मरताना मालकिणीशेजारी ठेवा म्हणते.

मग जखमी कॅसिओला खुर्चीतून आत आणतात. त्याचं पहिलं वाक्य असतं, सेनापती, मी तुम्हाला कधी कारण दिलं नव्हतं. ऑथेल्लो म्हणतो, पटलं, मला माफ कर. एका वाक्यावर पटलं. त्या माणसाला मारायचा हुकूम त्याने दिला होता आणि त्याच्याशी ह्या विषयावर एकदाही बोलला नव्हता.

आणि थोड्या वेळाने, इयागो पकडला गेल्यावर, तो कॅसिओकडे वळतो आणि विचारतो, माझ्या बायकोचा तो रुमाल तुझ्याकडे कसा आला? कॅसिओ सांगतो, माझ्या खोलीत पडलेला मिळाला. आपणच मुद्दाम तिथे टाकला असं इयागोने आत्ताच कबूल केलंय. एवढंच. प्रश्न दीड ओळीचा, उत्तर चार ओळींचं. डेस्डिमोना तेव्हा त्याच खोलीत, त्याच बिछान्यावर असते आणि तिच्या शेजारी एमिलिया.